पिंपापाशी बसलेला कुत्रा

१

म्हातारा खाडीच्या पाण्यात पालथा तरंगत होता. त्याची काठी काठावरच्या चिखलात रुतून उभी होती. आणि ज्याच्या भरवशावर तो आंधळा माणूस रोज घराबाहेर पडायचा, तो त्याचा कुत्रा पलीकडे बंदराच्या धक्क्यावर एका लाकडी पिंपासमोर बसून आनंदाने शेपूट हलवत होता.

खोलीत सगळे भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बघत होते. म्हातारा खरा नव्हता, कुत्राही खरा नव्हता. दोघं एका गेममधले. पण त्यांना घडवण्यात या माणसांची काही वर्षं गेली होती, आणि ते बघायला आलेले दोन पाहुणे अगदी खरे होते. त्यांना पसंत पडलं तर गेम बाजारात जाणार होता.

"हे गोष्टीतच असं आहे का?" पाहुण्या बाईंनी सावधपणे विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले. कंपनी त्यांची. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन मोठ्या खोल्या, मोजकी माणसं, आणि हा एकच गेम. "कुत्रा म्हाताऱ्याला पुलावरून देवळापर्यंत नेतो. रोज नेतो. कालपर्यंत नेत होता."

बाई उठल्या. "आमची गाडी उद्या संध्याकाळची आहे. दुपारी परत येऊ. तेव्हा म्हातारा जिवंत असला तर बरं."

पाहुणे जिना उतरून गेले, तसे अण्णा वळले ते थेट काडीच्या टेबलाकडे.

काडी म्हणजे चित्रं काढणारी, माणसांना आणि जनावरांना चालतं-बोलतं करणारी मुलगी. अंगाने बारीक, म्हणून काडी. गेल्याच आठवड्यात तिचं आणि अण्णांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. काम वेळेत संपत नाही, तर कुत्रा काढूनच टाकू, असं अण्णांचं म्हणणं. त्यावर काडी सगळ्यांसमक्ष ओरडली होती, "कुत्रा काढणार असाल तर म्हाताऱ्याला खाडीत ढकलून द्या! एकदाचा सुटेल बिचारा!"

ते वाक्य आता प्रत्येकाच्या कानात घुमत होतं. कारण म्हातारा खाडीतच होता.

२

"नावच काडी, काड्या करणारच," अण्णा दातओठ खात म्हणाले. "उद्यापासून तिने येऊ नये."

"अण्णा, उद्या दुपारपर्यंत थांबा," ताई म्हणाली. ताई ही अण्णांची थोरली मुलगी. कंपनीत गेम तपासायचं काम तिच्याकडे. दोष कुठे दडलाय हे हुडकून काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "मी शोधते कुणी केलं ते. काडीनेच केलं असेल तर तिला मीच सांगेन."

"आणि नसेल केलं तर?"

"तर तुम्ही सांगायचं तिला. सगळ्यांसमोर."

अण्णांनी नुसता हात झटकला, पण 'नाही' म्हटलं नाही. ताईला तेवढं पुरलं.

काडी टेबल आवरत होती. रंगाच्या कांड्या एका खोक्यात भरणं चाललं होतं, आणि डोळे लाल झाले होते.

"तू केलंस?" ताईने खुर्ची ओढत सरळ विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते सोड. तू सांग."

काडीने खोकं बाजूला सारलं आणि सकाळचं चित्रण स्क्रीनवर लावलं. "हे शेपूट बघ. नुसतं डावं-उजवं हलत नाहीये, गोल फिरतंय. असं ते एकाच वेळी फिरतं, धनी समोर आला की. हा कुत्रा बिघडलेला नाही ताई. त्याचं प्रेम जसंच्या तसं आहे. त्याला मनापासून वाटतंय की ते पिंपच त्याचा धनी आहे." मग नाक पुसत ती म्हणाली, "माझ्या कुत्र्याची मी अशी थट्टा करीन का?"

ताईने ते चित्रण पुन्हा पाहिलं, मग आणखी एकदा, आवाज चढवून. कुत्रा गावातून बंदराकडे पळताना केविलवाणा कण्हत होता. पिंप जवळ येत गेलं तसं कण्हणं कमी होत गेलं, आणि पिंपापाशी पोचल्यावर थांबलं.

म्हणून ती उठून भोंग्याकडे गेली. गेममधले सगळे आवाज तोच करायचा. हा माणूस इतक्या हळू बोलायचा की समोर बसलेल्यालाही पुढे वाकावं लागे. त्याचं नाव भोंगा कुणी ठेवलं ते आता कुणाच्या लक्षात नव्हतं, पण ते चिकटलं होतं.

"कुत्र्याचं कण्हणं कसं चालतं रे?"

भोंगा खुलला. ओठ बराच वेळ हलले, त्यातलं निम्मं ताईपर्यंत पोचलं. कुत्रा धन्यापासून जितका लांब, तितकं कण्हणं वाढतं. ही त्याची स्वतःची कल्पना. फार खटपट करावी लागली, कारण त्याच्या आवाजाच्या यंत्राला म्हातारा-बितारा काही कळत नाही, आकडाच भरवावा लागतो.

"छान झालंय," ताई म्हणाली, आणि भोंगा लाजला.

जागेवर परत आल्यावर तिने म्हाताऱ्याचे शेवटचे क्षण लावले. चिखलात त्याच्या पावलांचे ठसे उमटले होते. धडपडल्याची, गोल गोल फिरल्याची कुठे खूण नव्हती. ठसे आखल्यासारखे सरळ पाण्याकडे गेले होते. तिने स्क्रीनवर पट्टी धरली आणि ती रेघ खाडीपलीकडे वाढवली.

रेघ बरोबर कुत्र्यावर जाऊन टेकली.

म्हातारा वाट चुकलाच नव्हता. कुत्रा कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो नाकासमोर त्याच्याकडे निघाला होता. मध्ये पाणी आहे हे सांगायला तेवढं कुणी जवळ नव्हतं.

३

"ती पिंपं मीच मांडली, कालच," माळी म्हणाला. गेममधली झाडं, घरं, वाटा, खडक हे सगळं लावायचं काम त्याचं, म्हणून तो माळी. "पण पिंप म्हणजे पिंप हो ताई! त्यात काय असणार? बंदर ओकंबोकं दिसत होतं म्हणून चार ठेवली."

"तुझ्यावर आळ घेत नाहीये मी. बस इथे. मला एक करून दाखव. सकाळी पाहुणे बंदरातून होडीने गावात गेले. तू पवनचक्कीच्या रस्त्याने जा."

माळ्याने खेळाडूला पवनचक्कीपाशी उभं केलं आणि चालवत चालवत गावात आणलं. म्हातारा घराबाहेर आला. कुत्र्याने कान टवकारले, कण्हत धूम ठोकली, आणि पार मागे पवनचक्कीच्या डबक्यापाशी जाऊन एका बदकासमोर बसला. शेपूट गोल फिरू लागलं.

"अरे देवा," माळी म्हणाला. "सकाळी पिंप आणि आता बदक!"

"आता गाव थेट उघड. कुठूनही येऊ नकोस."

गाव थेट उघडलं. कुत्रा म्हाताऱ्याच्या पायाशी आला, त्याला पुलावरून नेलं, देवळाच्या पायरीशी बसवलं. कुठे काही बिघडलेलं नव्हतं. आपापल्या टेबलावर सगळे गाव असंच उघडायचे, म्हणून आजवर कुणाला काही दिसलं नव्हतं.

म्हणजे पिंप निर्दोष होतं. बदकही. कुत्रा भलत्याच वस्तूला धनी समजत होता, आणि ती वस्तू नेहमी आधीच्या जागेची असायची. बंदरातून आलं की बंदरातली, पवनचक्कीकडून आलं की तिथली.

"पण ताई," माळी डोकं खाजवत म्हणाला, "या वाटेने तर आपण पूर्वीही आलोय की. तेव्हा नाही असं झालं. तेव्हा जागा बदलताना स्क्रीन काळी व्हायची, मग नवी जागा उघडायची..." तो थांबला. "आत्ता काळी झालीच नाही."

ताईच्याही ते आत्ताच लक्षात आलं. सकाळीसुद्धा झाली नव्हती. होडी बंदरातून निघाली आणि सरळ गावाला लागली, मध्ये पापणीसुद्धा लवली नाही. पाहुण्यांनी त्याचं कौतुकही केलं होतं. गेमच्या पोटात हात घालून एवढा मोठा बदल कुणीतरी केला होता, आणि तपासणीच्या प्रमुखाला त्याचा पत्ता नव्हता.

असा बदल करू शकणारा प्रोग्रामर कंपनीत एकच होता. सगळे त्याला जावईबापू म्हणायचे, कारण तो अण्णांचा जावई होता.

म्हणजे ताईचा नवरा.

४

संध्याकाळी घरी तो ओट्यापाशी मटार सोलत बसला होता. ताईने पर्स खुंटीला अडकवली आणि समोर येऊन उभी राहिली.

"काळी स्क्रीन कुठे गेली?"

त्याच्या हातातला दाणा खाली पडला, फ्रीजखाली घरंगळत गेला.

"काल संध्याकाळी काढली," तो म्हणाला. "अण्णाच म्हणाले, पाहुण्यांसमोर एकदम दाखवू, कुणाला आत्ता बोलू नका. तुलाही."

"मलाही! मी काय शेजारीण आहे का? आणि काडीवर आळ आला तेव्हा तू शेजारच्या खुर्चीत बसला होतास. तोंड शिवलं होतं?"

"मला वाटलं, आधी चूक नेमकी कुठे आहे ते शोधावं, मग कबूल करावं. दिवसभर माझ्याच कोडमध्ये डोकं घालून बसलोय. सापडत नाहीये गं."

"उद्या ऑफिसात पाय ठेवल्या ठेवल्या आधी काडीकडे जायचं," ताई म्हणाली. "आता मला समजावून सांग. काय केलंस नेमकं?"

त्याने सोललेल्या दाण्यांचं भांडं बाजूला ठेवलं. खेळाडू होडीत असतानाच, तो सांगू लागला, गाव मागच्या मागे एका वेगळ्या दुनियेत तयार होतं. ती तयारीची दुनिया, कुणाला न दिसणारी. तयार झालं की सगळं गाव उचलून खेळाच्या दुनियेत आणून ठेवायचं. प्रत्येक माणसाला, जनावराला, वस्तूला एक नंबर असतो. तयारीच्या दुनियेतले नंबर वेगळे आणि खेळाच्या दुनियेतले वेगळे, कारण तिथे बंदराची मंडळी आधीच नंबर घेऊन बसलेली असतात.

"म्हणजे वस्ती नव्या जागी हलवली की घरांचे नंबर बदलतात, तसं."

"तसंच. आता कुत्र्याजवळ धन्याचा पत्ता असतो, दाराजवळ किल्लीचा, गायीजवळ वासराचा. हलवताना मी या सगळ्यांचे पत्ते तपासतो आणि जुना नंबर खोडून नवा लिहितो. त्यात गडबड असती तर सगळ्यांचंच बिघडलं असतं ना? पण दाराला किल्ली सापडते. गायीला वासरू सापडतं. एकटा कुत्राच पिंपाकडे का पळतो?"

"आणि म्हाताऱ्याला कुत्रा सापडतो," ताई म्हणाली.

"काय?"

तिने पावलांच्या ठशांचं सांगितलं. तो ऐकत राहिला.

"म्हणजे म्हाताऱ्याजवळचा कुत्र्याचा पत्ता बदलला गेला," तो सावकाश म्हणाला. "आणि कुत्र्याजवळचा म्हाताऱ्याचा पत्ता जुनाच राहिला. त्या जुन्या नंबरावर बंदरात पिंप बसलंय. पण हे होणारच नाही! ते दोन्ही पत्ते मीच लिहिलेत, एकाच दुपारी, एकासारखे एक."

"तुझ्या लिहिण्यात चूक नाही आणि हलवण्यातही नाही, असं धरून चालू. मग काय उरतं? तू कुणाचे पत्ते बदलतोस?"

"ज्याच्यावर 'हा पत्ता आहे' असा शिक्का आहे त्यांचे. बाकी आकड्यांना हात लावत नाही. लावून कसं चालेल? कुत्र्याचं वय पण आकडाच आहे, ते बदललं तर..." तो बोलता बोलता थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"कुणीतरी तो शिक्का काढला," ताई म्हणाली. "पत्त्याचा साधा आकडा केला. तयारीच्या दुनियेतून तो तसाच्या तसा इकडे आला, आणि तुला वाटलं असेल कुत्र्याचं वय."

"पण असं कोण कशाला करेल? कुत्र्याचा राग कुणाला होता?"

ताई हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. "राग नाही रे. कुत्र्यावर प्रेम कुणाचं होतं, ते विचार."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू आधी काडीच्या टेबलाशी गेला, आणि बराच वेळ मान खाली घालून बोलत राहिला. काडीने त्याला काय ऐकवलं ते दोघांनीही नंतर कुणाला सांगितलं नाही. मग ताईने सगळ्यांना मोठ्या पडद्यासमोर बोलावलं. अण्णा हाताची घडी घालून मागे उभे राहिले.

"कुत्र्याची फाईल मी अजून उघडलेली नाही," ताई म्हणाली. "आधी माझा अंदाज सांगते. माळीदादा, तयारीच्या दुनियेत म्हाताऱ्याचा नंबर काय?"

"चारशे बारा."

"आणि बंदरात चारशे बारावर कोण आहे?"

माळ्याने पाहिलं. "पिंप. ते धक्क्यावरचं."

"पवनचक्कीकडे?"

"बदक!" माळी खुर्चीतून अर्धा उठला.

"दीपगृहाच्या रस्त्याने कुणीच अजून आलेलं नाही. तिथे चारशे बारा कोण?"

"थांबा हं... पायरीवरची बादली."

"मग कुत्रा बादलीपुढे बसेल."

माळ्याने खेळाडूला दीपगृहाच्या रस्त्याने आणलं. कुत्रा कण्हत सुटला, टेकडी चढला, पायऱ्या चढला, आणि बादलीसमोर बसून शेपूट गरगर फिरवू लागला. कुणीतरी टाळी वाजवली.

"गाव थेट उघडलं की दुनिया रिकामी असते," ताई पुढे म्हणाली. "जुने आणि नवे नंबर सारखेच पडतात, म्हणून सगळं नीट चालतं. पूर्वी काळ्या स्क्रीनच्या आड दुनिया रिकामीच व्हायची, म्हणून तेव्हाही चालायचं. आता फाईल उघडा."

जावईबापूने उघडली. म्हाताऱ्याजवळच्या कुत्र्याच्या पत्त्यावर शिक्का होता. कुत्र्याजवळ धन्याच्या जागी नुसता आकडा होता.

"पत्त्याचा आकडा करून कुणाला हवा होता?" ताईने विचारलं. "काडीला नको, ती चित्रं काढते. माळ्याला नको. आपल्यात एकच यंत्र असं आहे, ज्याला आकड्याशिवाय काही कळत नाही. आणि त्याच यंत्राने धन्यापासून लांब गेलेल्या कुत्र्याला कण्हायला लावलंय. पिंप जवळ आलं तसं कण्हणं थांबलं. म्हणजे पाय आणि आवाज दोन्ही एकच चुकीचा आकडा वाचत होते."

सगळ्यांच्या माना भोंग्याकडे वळल्या. भोंग्याचा चेहरा उतरला. ओठ हलले.

"मोठ्याने बोल!" अण्णा म्हणाले.

"मी सांगितलं होतं," भोंगा म्हणाला, त्याच्या मानाने ओरडूनच. "मागेच, सकाळच्या बैठकीत. धन्याचा आकडा केलाय, चालेल ना, म्हणून विचारलं. दोनदा विचारलं. कुणी नको म्हटलं नाही!"

काडी खुदकन हसली. तिला हसताना बघून माळी, मग जावईबापू, आणि शेवटी भोंगा स्वतःसुद्धा. त्याने खरंच सांगितलं असणार यात कुणालाच शंका नव्हती. कुणी ऐकलं नसणार, यातही नव्हती.

दुरुस्तीला फार वेळ लागला नाही. जावईबापूने कुत्र्याजवळचा आकडा काढून पुन्हा पत्ता लिहिला, शिक्क्यासकट. भोंग्याच्या यंत्रासाठी वेगळी सोय केली: गाव हलवून झालं की त्या पत्त्यावरून नवा नंबर काढायचा आणि मगच यंत्राला द्यायचा. ताईने बंदरातून, पवनचक्कीकडून, दीपगृहाकडून, सगळीकडून येऊन पाहिलं. कुत्रा दर वेळी म्हाताऱ्याकडेच गेला.

अण्णा अजून मागेच उभे होते. ताईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी घसा खाकरला.

"काडी," ते म्हणाले. "मी तुला चोर ठरवलं. न विचारता. आणि गुपचूप बदल करायला मीच लावलं होतं, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. चुकलो मी." एवढ्यावर त्यांना थांबता आलं असतं, पण ते पुढे म्हणाले, "कुत्रा राहील. जितका वेळ लागेल तितका घे."

काडीने मान हलवली. मग तिने खोकं उघडलं आणि रंगाच्या कांड्या एकेक करून टेबलावर मांडायला लागली.

दुपारी पाहुणे आले. बाईंनी होडी गावाला लावली आणि हातातलं बटणांचं यंत्र मांडीवर ठेवून दिलं. म्हातारा दार लोटून बाहेर आला. कुत्रा त्याच्या गुडघ्याला अंग घासत पुढे झाला, पुलावर चढला, मागे वळून थांबला, पुन्हा चालू लागला. बाई खेळल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. म्हातारा देवळाच्या पायरीवर टेकल्यावर त्या सोबतच्या गृहस्थांना एवढंच म्हणाल्या, "कागद तयार करा."

पाहुणे गेले तरी पडदा बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. गेममध्ये कुणी खेळत नव्हतं, तरी गाव आपापलं चाललं होतं. उन्हं कलली, होड्या परतल्या. कुत्रा म्हाताऱ्याच्या पायावर हनुवटी ठेवून पडला होता, आणि म्हाताऱ्याचा हात त्याच्या पाठीवरून सावकाश फिरत होता.

"बंद करा आता, वीज जाते फुकट," अण्णा म्हणाले.

कुणी उठलं नाही. अण्णांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग भोंग्याशेजारी एक खुर्ची ओढली आणि तेही बघत बसले.